मेव्हण्याचा चालू भूतकाळ

परदेशी होड्यांच्या खिडकीवर बसायचं असेल तर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागेल, असं आमचे साहेब मुस्यू लाकोंब यांनी मला सांगितलं, तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो आणि मला येणारं सगळं इंग्रजी होड्यांच्या इंजिनांवर छापलेलं होतं. स्टार्ट, स्टॉप, चोक आणि हात घालू नये.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला आमचं फ्रेंच बेट आहे; तिथे नूमेआ बंदरावरच्या आमच्या होडी-नोंदणी कचेरीत दोन खिडक्या आहेत. एक स्थानिक होड्यांची. तिथे एकोणीस वर्षं मी बसत होतो आणि समोर शेजारच्या मासळीच्या शीतगृहाची मागची भिंत बघत होतो. भिंतीला एक पाइप होता, त्यातून थेंब पडायचे. दुसरी खिडकी परदेशी होड्यांची. ऑस्ट्रेलियातून, न्यूझीलंडमधून शिडाच्या होड्या येतात, त्यांची. तिच्यातून सगळी गोदी दिसते, डोलकाठ्या हलताना दिसतात, आणि तिथल्या खुर्चीला स्वतंत्र पंखा आहे. त्या खुर्चीवरच्या बाई डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. माणसाला आयुष्यात एखाद्या पंख्याची इच्छा झाली तर ती लोभात मोडत नाही, असं माझं मत आहे.

शिकवणी शनिवारी सकाळी असायची, वाचनालयामागच्या खोलीत. शिकवायला मिस लॉर्ना. बावीस वर्षांपूर्वी त्या क्वीन्सलँडहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आल्या होत्या, त्या अजून परतायच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी परीक्षा समजावून सांगितली. चार मिनिटं. तुमच्या आयुष्यात घडलेला एक प्रसंग. तीन भूतकाळ.

"काय झालं, तो साधा भूतकाळ," त्या म्हणाल्या. "ते झालं तेव्हा काय चाललं होतं, तो चालू. आणि त्याच्याही आधी काय होऊन गेलं होतं, तो पूर्ण. तिन्ही आले की गोष्ट होते. नुसता पहिला आला तर ती पोलिसातली तक्रार."

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "किका, माझ्या आयुष्यात काय घडलंय?"

माझ्या बायकोचं नाव फलाकिका. तिचं माहेर वॉलिस बेटावरचं, आणि त्या लोकांना गोष्टी सांगायला कुणी शिकवावं लागत नाही. ती तारोचे कंद सोलत होती. तिने जरा वेळ विचार केला, मग आणखी जरा वेळ केला. हा दुसरा वेळ मला लागला.

"माझ्या चुलतभावाच्या लग्नात तू डुक्कर भाजायच्या खड्ड्यात पडलास," ती म्हणाली.

"तो खड्डा तेव्हा पेटवलेला नव्हता."

"तेच तर. पेटवलेला असता तर गोष्ट झाली असती."

कुंपणापलीकडून मादाम त्रान ऐकत होत्या. त्या ऐंशीच्या आहेत, पूर्वी कपडे शिवायच्या, आणि आमच्या घरात बोललेलं वाक्य त्यांच्या अंगणातून गेल्याशिवाय पूर्ण होत नाही. त्या म्हणाल्या, "माझा एखादा प्रसंग घे. माझ्याकडे पुष्कळ आहेत. वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा मी शिलाई मशीनला धरून बसले होते. मशीन मात्र पायाने चालवायचं होतं असं सांग, नाहीतर त्यांना वजन कळणार नाही."

"मादाम त्रान, परीक्षेत माझा प्रसंग लागतो."

"मग बाहेर पडत जा जरा," त्या म्हणाल्या.

या बोलण्याने मी दुखावलो, पण खोटं काहीच नव्हतं. एकोणीस वर्षं पाइपातला थेंब बघणाऱ्याला काय प्रसंग येणार? शेवटी मला सोसेफो आठवला.

सोसेफो म्हणजे किकाचा थोरला भाऊ. दरवाजातून आत येताना तिरका होतो, इतका रुंद. बारा वर्षांपूर्वी त्याने माझी होडीची मोटर मागून नेली. बायकोला, म्हणजे मालियाला सांगितलं की चर्चच्या हॉलचं छप्पर रंगवायला जातो, आणि गेला डुंबेआच्या खिंडीकडे, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या रांगेत जी फट आहे तिकडे, मासे धरायला. मोटर बंद पडली. होडी प्रवाळाच्या खडकावर चढून बसली. तीन तास तो तिथे होता, जवळ एक अननस. शेवटी होडी हलकी व्हावी म्हणून त्याने माझी मोटर समुद्रात सोडली. ती अजून तिथेच आहे. मोटर माझी होती, त्या अर्थी प्रसंगही माझाच, असं मी ठरवलं. शिवाय त्यात मूर्ख ठरणारा माणूस दुसरा होता, ही जमेची बाजू.

वर्गात मी गोष्ट सांगायला उभा राहिलो. आपल्याकडे गोष्ट रंगात आली की माणूस सरळ वर्तमानात शिरतो. जातो तर काय, बघतो तर काय. आमच्या फ्रेंचमध्येही तसंच. त्यामुळे माझ्या इंग्रजीतही सोसेफो होडीत बसतो, मोटर बंद पडते, तो अडकतो.

मिस लॉर्नांनी हात वर केला. "कधी?"

"बारा वर्षांपूर्वी."

"मग अजून का अडकलाय तो? काढा त्याला तिथून. भूतकाळात न्या." आणि पुढे म्हणाल्या, "तुम्हाला सरावाची गरज आहे, मुस्यू पोनिमान. आज पर्यटकांचं जहाज आलंय. ज्याला इंग्रजीशिवाय काही येत नाही असा माणूस गाठा आणि त्याला ही गोष्ट सांगा. हा गृहपाठ."

म्हणून त्या शनिवारी दुपारी मी सित्रोंच्या खाडीवर गेलो. बाकावर एक म्हातारं जोडपं आइसक्रीम खात बसलं होतं. नेव्हिल आणि पॅट, गाव ऑस्ट्रेलियातलं बॅलरॅट. मी माझं नाव सांगितलं, हवा छान आहे असं सांगितलं, आणि तयार केलेलं सगळं इंग्रजी संपायच्या आत मुद्द्यावर आलो.

"माझा मेव्हणा होडीत आहे."

"अरे वा," नेव्हिल म्हणाला.

"अरे वा नाही. मोटर बंद पडते. तो खडकावर अडकतो."

दोघांचं आइसक्रीम तोंडाशी थांबलं. आजवर माझं बोलणं कुणी असं ऐकलं नव्हतं, घरी तर नाहीच. मला चेव चढत गेला.

"कुठे?" नेव्हिलने विचारलं.

मी उठून हात लांब करून समुद्राकडे दाखवलं. "तिथे. खिंडीपाशी."

"किती वेळ झाला?"

"तीन तास."

"पाणी आहे त्याच्याजवळ?"

"पाणी नाही. एक अननस आहे."

"कुणाला कळवलंय का?"

"कुणालाच माहीत नाही. बायकोला वाटतं, तो चर्चचं छप्पर रंगवतो."

पॅट उभी राहिली. "आणि तुम्ही हे इथे बसून आम्हाला सांगताय?"

मला ही माझ्या कथनाला दिलेली दाद वाटली. मी नम्रपणे म्हणालो, "हो. गृहपाठ आहे."

नेव्हिल तीस वर्षं त्याच्या गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की सत्तरीतला माणूस वाळूतून हरणासारखा पळतोय आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाच्या टेहळणी-मनोऱ्याकडे हातवारे करतोय. माझ्या हातात दोन आइसक्रीम राहिली. पूर्ण भूतकाळ तर अजून यायचाच होता.

मी मनोऱ्यापर्यंत पोचेपर्यंत जीवरक्षकाने बचाव केंद्राला फोन लावला होता आणि नारिंगी बोट निघाली होती. मी धापा टाकत फ्रेंचमध्ये सांगितलं, "थांबवा. जुनी गोष्ट आहे. बारा वर्षं झाली. माझा काळ चुकला."

जीवरक्षक शहाणा माणूस होता. म्हणाला, "ठीक आहे. मेव्हण्याला फोन लावा. तो बोलला की बोट परत बोलावतो."

सोसेफोचा फोन बंद होता.

मी मालियाला फोन केला. ती म्हणाली, "तो हॉलवर गेलाय. छप्पर रंगवायला."

मी चर्चच्या हॉलवर फोन केला. तिथली झाडणारी बाई म्हणाली, "छप्पर? छप्पर मागच्याच वर्षी नवं घातलं की. रंगीत पत्र्याचं."

मी फोन खाली ठेवला. जीवरक्षक माझ्याकडे बघत होता. "बोट जाऊ दे," मी म्हणालो.

पुढचा दीड तास कसा गेला ते मला कुठल्याच भाषेत सांगता येणार नाही. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. नेव्हिल माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. पॅटने मला पाणी पाजलं आणि मी जपून ठेवलेली दोन्ही आइसक्रीम माझ्या हातातून काढून टाकून दिली. तोवर कोपरापर्यंत ओघळ गेले होते.

साडेचार वाजता नारिंगी बोट आली. तिच्यात सोसेफो होता. खांद्यांवर चंदेरी कागदासारखी चादर, आणि आत तो. कधी नव्हे तो लहान दिसत होता. मोटर बंद पडली होती, होडी खडकावरून सुटून खिंडीतून बाहेर वाहत निघाली होती. बोटीवरचा माणूस म्हणाला, अजून एक तास गेला असता तर आम्ही नुसता समुद्र शोधत बसलो असतो.

नेव्हिलने मला मिठी मारली. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसेफो धक्क्यावर उतरला, माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"तू माझ्या पाळतीवर होतास."

"मी इंग्रजीचा सराव करत होतो, सोसेफो."

"मी मजेत होतो तिथे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "गात बसलो होतो. चांगली हवा होती."

तेवढ्यात मालिया बसने येऊन पोचली. तिने चंदेरी चादर उघडून नवरा आत आहे ना ते पाहिलं, चादर पुन्हा नीट बंद केली, आणि त्याला हाताला धरून टॅक्सीकडे नेलं. त्या दिवसापासून सोसेफोने माझ्याशी बोलणं टाकलं.

सोमवारी मला बचाव केंद्रात बोलावलं. किका सोबत आली. एका तरुण अधिकारी बाईंसमोर फॉर्म होता.

"मुस्यू पोनिमान, संकटातली होडी तुम्ही कुठून पाहिली?"

"पाहिली नाही."

"मग माहिती कुठून मिळाली?"

"मिळाली नाही. मी बारा वर्षांपूर्वीचं सांगत होतो. क्रियापदं चुकली."

त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. "इथे प्रत्यक्षदर्शी, दूरध्वनी, रेडिओ असे तीनच पर्याय आहेत."

"मला श्रेय नको," मी म्हणालो. "फक्त मी पाळत ठेवली नव्हती एवढं लेखी हवं."

"पण तुम्ही जागा बरोबर सांगितली. वेळही बरोबर. अननसाचं एक चुकलं, होडीत पपई होती."

तेव्हा किका पुढे झुकली. "बाई, माझ्या भावाचं असं आहे की कुठलाही काळ वापरला तरी तो बरोबरच येतो. हाच माणूस, हीच खिंड, हेच छप्पर. नवऱ्याचं इंग्रजी चुकलं असेल, माहिती चुकली नाही."

अधिकारी बाईंनी बराच विचार करून 'इतर' पुढे लिहिलं, 'कौटुंबिक अंदाज'. त्याची प्रत माझ्याकडे आहे.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण अहवालासोबत सोसेफोच्या होडीचा सुरक्षा-दाखला जोडला होता. दाखल्यावर लिहिलं होतं, तरंगती जॅकेटं दोन, धुराचे इशारे तीन, आरसा एक. होडीत प्रत्यक्षात सापडलं ते असं, पपई एक, युकुलेले एक, गळाची दोरी. आणि दाखल्याच्या तळाशी सही होती, एमील पोनिमान.

मुस्यू लाकोंब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ही होडी तुम्ही तपासली होती?"

"तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे, साहेब. त्याने सांगितलं, सगळं आहे."

"म्हणजे होडी तपासली नाही."

"भाऊ तपासला."

साहेबांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं. शिक्षा अशी झाली की पुढचे सहा शनिवार मी स्वतः धक्क्यावर उभं राहून एकेका स्थानिक होडीची तपासणी करायची. इंग्रजीच्या परीक्षेला बसायची परवानगी त्यांनी काढून घेतली नाही, फक्त म्हणाले, "परीक्षेत दाखल्याचा विषय काढू नका."

शनिवार गेले म्हणजे वर्ग गेले. मी मिस लॉर्नांना तसं कळवलं. पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता त्या घडीची खुर्ची आणि गवती टोपी घेऊन धक्क्यावर हजर. एकीकडे मी होडीत वाकून जॅकेटं मोजायचो, दुसरीकडे त्या वरून ओरडायच्या, "काय केलंत?"

"मी तीन जॅकेटं मोजली."

"आणि मोजताना काय चाललं होतं?"

"एक उंदीर पळत होता."

"त्याच्या आधी काय झालं होतं?"

"त्याने चौथं जॅकेट खाल्लं होतं."

"वाहवा. उंदराने तुम्हाला तारलं."

मादाम त्रानही यायच्या, तांदळाच्या पातळ पापडीत सारण गुंडाळून तळलेले गरम नेम घेऊन, आणि नापास होणाऱ्या होडीवाल्यांना सांत्वनासाठी वाटायच्या. पहिल्या दोन शनिवारी लोक मला टाळायचे. तिसऱ्या शनिवारी एका होडीवाल्याने विचारलं, "ते इंग्रजीतून माणूस वाचवणारे तुम्हीच का?" मी हो म्हणालो. थोडी मान ताठ झाली, हे कबूल करतो. मग त्याने विचारलं, "आणि ते होडी न बघता दाखल्यावर सही करणारे?" तोही मीच होतो.

सहाव्या शनिवारी रांगेत शेवटची होडी सोसेफोची होती.

मिस लॉर्ना खुर्ची मिटून निघाल्या होत्या. सोसेफो बांधलेल्या होडीत बसून राहिला. मी उतरलो. दोन जॅकेटं, नवी, अजून प्लास्टिकात. धुराचे इशारे तीन. आरसा एक. मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली, आरशात स्वतःलाही पाहिलं, आणि सही केली.

"सोमवारी परीक्षा ना तुझी?" तो म्हणाला. सहा आठवड्यांनी ऐकलेला आवाज.

"हो."

"माझंच सांगणार आहेस."

"नको म्हणत असशील तर खड्ड्याचं सांगतो."

तो जॅकेटाच्या पट्ट्याशी चाळा करत बसला. "माझं सांग. पण खरं सांग. मी गात नव्हतो."

मी आरसा परत जागेवर ठेवला.

"तुझी ती बोट आली ना, तेव्हा मी रडत होतो, एमील. मोठ्याने. आणि त्याआधी सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता. मालियाचा, मुलांचा. तुझाही घेतला होता. मोटरीबद्दल माफी मागितली होती." त्याने पट्टा सोडला. "इंग्रजीत सांग, हरकत नाही. घरी नको."

बारा वर्षं मी त्या मोटरीवरून त्याला घालून पाडून बोलत होतो. मला वाटायचं, याला काही लागत नाही, एवढ्या रुंद माणसाला कुठे लागणार. मी त्याच्या शेजारी फळीवर बसलो. होडी माझ्या बाजूला जेमतेम हलली, कारण सगळं वजन त्याच्याकडे होतं.

सोमवारी परीक्षक म्हणून एक उंच, कोरडा माणूस होता. मी सांगायला लागलो. किनारा, बाक, आइसक्रीम. तो हसला नाही, लिहीत राहिला. मग मी नारिंगी बोटीपाशी आलो आणि सोसेफोची दोन वाक्यं त्याने सांगितली तशीच सांगितली. बोट आली तेव्हा तो रडत होता. त्याआधी त्याने आमचा निरोप घेतला होता. शोधावी लागली नाहीत, क्रियापदं आपापल्या जागी येऊन बसली. परीक्षकाचं पेन थांबलं. चार मिनिटं होऊन गेली होती, तरी त्याने घंटी वाजवली नाही.

"आता कसे आहेत ते?" त्याने विचारलं.

"बरा आहे," मी म्हणालो. वर्तमानकाळ मला आधीपासूनच येत होता.

शुक्रवारी निकाल आला. पास. मुस्यू लाकोंब यांनी स्वतः पंखा लावून दाखवला. तो दोन नंबरच्या पुढे जात नाही, पण मी तक्रार केलेली नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर मालियाकडे जेवण होतं. जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर निघालं होतं, तारो होता, आणि सोसेफो मला सगळ्यात चांगला तुकडा वाढत होता. तो पाणी आणायला आत गेला तशी मालिया माझ्या शेजारी येऊन बसली.

"परीक्षेत काय सांगितलंस याचं?"

"घडलं तसं. मोटर बंद पडली, हा होडीत बसला होता, मजेत गात होता."

"कुठलं गाणं?"

याची मी तयारी केली नव्हती. चर्चमध्ये सकाळीच ऐकलेलं एक सुचलं, त्याचं नाव सांगितलं.

मालिया माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला ते येत नाही. तीस वर्षं झाली, चर्चमध्ये नुसते ओठ हलवतो." तिने माझं ताट जवळ ओढलं, त्यात आणखी एक मोठा तुकडा वाढला आणि हळूच म्हणाली, "पुन्हा कुणी विचारलं तर दुसरं सांग."